हे बरं की ते बरं

प्रिय बाईसाहेब,

हे पत्र तुला प्लास्टिकच्या पिशवीतून वाचावं लागणार आहे, त्याला माझा इलाज नाही. सिस्टर म्हणाल्या, बाहेरचा कागद आत न्यायचा तर पारदर्शक पिशवीत बंद करून, औषधाने पुसूनच न्यावा लागतो. एका पिशवीत दोन पानं, पाठीला पाठ लावून. म्हणून कागदाच्या एकाच बाजूला लिहितोय आणि अक्षर शाळेतल्यासारखं मोठं काढतोय. तुझा चष्मा नाकावरून घसरतोय हे मी काचेतून पाहिलंय. चेहरा बारीक झाला की असं होतं, त्यात चष्म्याचा काही दोष नसतो. नाकावरचे मऊ पॅड आणि कानामागे अडकवायचे रबर सिस्टरांकडे दिलेत, कसे बसवायचे तेही दाखवलंय. आधी ते लावून घे आणि मग वाच. नाहीतर अर्धा वेळ चष्मा सावरण्यात जाईल आणि तू म्हणशील, या माणसाचं सगळंच अर्धवट.

बोलणं तर आपलं हल्ली अर्धवटच राहतं. तुझ्या तोंडात फोड आलेत, शब्दागणिक तुला त्रास होतो, आणि मी त्या इंटरकॉमचा रिसीव्हर हातात धरला की मला मेले विनोदच सुचतात. तू हसायला जातेस आणि ओठ फाटतो. काल मी विनोद केला नाही, कारण तू आधी बोललीस. म्हणालीस, डॉक्टर सोमवारी विचारायला येतील, मी त्यांना सांगून टाकलंय की नवरा म्हणेल ते. आणि मग म्हणालीस, आयुष्यभर लोकांना विचारत आलास ना, हे बरं की ते बरं, आता एकदा तू सांग. रिसीव्हर ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मी काचेबाहेर उभाच. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, साहेब, जरा पाय उचलता का.

म्हणजे प्रश्न सरळ आहे. रक्तातला तो आजार पहिल्या औषधांनी गेला नाही, थोडा दबला आणि परत वर आला. आता एक तर दुसरी फेरी घ्यायची, पहिलीपेक्षा कडक, त्याच काचेच्या खोलीत, पुन्हा कुणाचा हात न लागता. डॉक्टरांच्या तोंडून आशा हा शब्द निघतो, पण फार जपून निघतो. नाहीतर हे सगळं थांबवून घरी यायचं, दुखू नये एवढ्यापुरती औषधं घेऊन. आपली लेक, आपली शेंग, फोनवरून म्हणते, दुसरी फेरी घ्यायचीच. तू काहीच म्हणत नाहीस. आणि मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, काउंटरवर, काचा पुसायच्या फडक्यांच्या ढिगाशेजारी बसून तुला लिहितोय. शनिवारची दुपार आहे, गिऱ्हाईक येण्याची भीती नाही.

तू पहिल्यांदा याच दुकानात आलीस आणि आपलं भांडण झालं, आठवतं? बाबांची कंबर धरली होती म्हणून मी नुकताच दुकान बघायला लागलो होतो. तुला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ती तपासणीची लोखंडी चौकट चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली आणि विचारलं, हे बरं की ते बरं? तू म्हणालीस, सांगता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी तू वैतागलीस. अहो, म्हणालीस, इथे उजेड एकसारखा, अक्षरं एका जागी, मी खुर्चीत आरामात. बाहेर गेल्यावर मी ऊन, धूळ, घाई आणि डोकेदुखी सगळं एकदम घेऊन बघणार आहे, तेव्हा काय दिसेल ते सांगा. मी मनात म्हटलं, आली एक शहाणी. तोंडाने म्हटलं, मग रस्त्यावर चक्कर मारून या की. आणि तू गेलीस खरंच! तशीच, ती चौकट डोळ्यांवर घेऊन! समोरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर येऊन बघत राहिला. मी मागे धावलो, कारण चौकट हरवली असती तर बाबांनी मला सोलून काढलं असतं. कोपऱ्यावर तू एका झाडाकडे मान वर करून उभी होतीस. म्हणालीस, आता कळलं, दुसरी काच बरी होती.

मग हळूहळू मला कळलं की तुझं कामच ते आहे. झाडाला ऊन लागलं, थंडी वाजली, पाणी तुटलं, कीड लागली, शेजाऱ्याची सावली पडली, तर झाड आतून काय करतं ते बघणं. तुझ्याआधीचे बरेच लोक ते एकेक करून बघायचे, माझ्या काचांसारखं. एका कुंडीला फक्त ऊन, दुसरीला फक्त तहान. तू म्हणायचीस, बाहेर कुठल्या झाडाला नुसतं ऊन मिळतं रे? ऊन येतं ते तहानेला बरोबर घेऊनच येतं, आणि दोन्ही मिळून जे होतं ती दोघांची बेरीज नसते, ते तिसरंच काहीतरी असतं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या भिंतीवर ते भलंमोठं चित्र होतं, हजारो ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपका म्हणजे एक जनुक, आणि रेघ म्हणजे कोण कुणाशी बोलतं ते. मी म्हटलं, आमच्या ड्रॉवरमध्ये चष्म्याच्या दोऱ्या गुंततात त्या अश्शाच दिसतात. तुझे विद्यार्थी हसले. तू नाही हसलीस. म्हणालीस, बरोबर आहे, आम्ही त्यातली एक दोरी ओढतो आणि कुठे कुठे हलतं ते बघतो. बायकोने चारचौघांत बरोबर आहे म्हटलं, म्हणून मी घरी येईपर्यंत फुगून चालत होतो.

त्या बुटक्या रांगेचं प्रकरण तर तू प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवतेस, आणि दर वेळी मला आणखी थोडा वेडा करून ऐकवतेस. झालं होतं एवढंच की दुकान बंद करून मी तुला घ्यायला यायचो, आणि तुझं एक शेवटचं मोजायचं काही केल्या संपायचं नाही. मग मी रोपं वाढवायच्या त्या ग्रोथ रूममध्ये, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो. डोक्यावर ते पांढरे दिवे, पंख्यांची घरघर, शेजारच्या रॅकवर रोपांची रांग. हाताला काही काम नको? मी बसल्या बसल्या पानांवरून हात फिरवायचो, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि तुमची ती एक रांग बुटकी राहिली. तुम्ही दिवे बदलले, पंखे फिरवले, माती तपासली, नळाच्या पाण्यावर संशय घेतला. तुझी एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली, कारण तिची सगळी गणितं त्या एका रांगेपाशी अडत होती. मग एका संध्याकाळी तू मागे वळलीस आणि तुला माझा हात दिसला. काय ओरडली होतीस तू! मला वाटलं, आज सोडचिठ्ठीच.

मग समजावलंस की रोज रोज हात लागला की रोपाला तो वारा वाटतो, किंवा कुणी जनावर वाटतं, आणि ते उंच व्हायचं सोडून देठ जाड करतं, खाली राहतं. पण तू ती रांग फेकली नाहीस. उलट तिचीच मापं घेतलीस, आणि मला रोज ठरल्या वेळी येऊन हात फिरवायला लावलंस. माझी नेमणूकच झाली म्हण ना. त्या लेखाच्या शेवटी छापून आलं होतं, दाराजवळच्या खुर्चीवरच्या गृहस्थांचे आभार. मी ते पान बेकरीवाल्याला दाखवलं, त्याला काही कळलं नाही, पण त्याने अभिनंदन केलं. त्या ओरडण्याच्या दिवशी मात्र मी रुसलो होतो. घरी येताना तुला म्हटलं, अगं, मी मायेने हात फिरवत होतो, त्याने वाईट कसं होईल? तू म्हणालीस, झाडाला माया कळत नाही. हात कळतो. हात कळतो आणि त्याप्रमाणे ते बदलतं, एवढं पुरे नाही का? मी म्हटलं, नाही पुरे. आणि पुढचा अख्खा रस्ता तोंड फुगवून चाललो.

बुधवारी तुझ्या ग्रोथ रूममध्ये गेलो होतो. आधी बातम्या सांगतो. मधला पंखा पुन्हा कुरकुरतोय. जिराफबाईने, म्हणजे तुझ्या त्या उंच विद्यार्थिनीने, सगळा कारभार हातात घेतलाय आणि ती आता हुबेहूब तुझ्यासारखी भुवई वर करून बोलते, मला तर धडकीच भरली. तिने तुझा पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावलाय. मी बघतोय म्हटल्यावर ती म्हणाली, नुसता धूळ बसू नये म्हणून. बरं, म्हटलं. खालच्या रॅकवर सोयाबीनच्या काही कुंड्या ऊन आणि तहान दोन्ही सोसत होत्या, त्यांची पानं लोंबत होती. माझ्याकडून नकळत झारी उचलली गेली. तिने माझं मनगट धरलं, अगदी तू धरतेस तसं, आणि म्हणाली, काका, मॅडमचा नियम.

तो नियम मला पाठ आहे. या खोलीत दया आली म्हणून कुणी पाणी घालायचं नाही. पण मला त्यावरून दुसरंच आठवलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. लग्नानंतरचीच गोष्ट. मी तुला विचारलं होतं, एवढी माना टाकलेली रोपं बघवतात कशी तुला? तू दोन कुंड्या माझ्यापुढे ठेवल्यास. मला दोन्ही सारख्याच मरगळलेल्या दिसल्या. तू म्हणालीस, हिला पाणी दिलं तर उद्यापर्यंत उभी राहील. हिच्यात आता पाणी वर चढणार नाही. कशावरून, विचारलं, तर पानाची कड आणि बुंध्याचा रंग असं काहीतरी सांगितलंस, मला काही दिसलं नाही. मी म्हटलं, मग घालू दे ना दोघींना, बिघडलं काय? तू म्हणालीस, घाल, पण त्या दुसरीला घातलेलं पाणी तिच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, एवढं लक्षात ठेव. मी घातलं. दुसऱ्या दिवशी एक ताठ उभी होती आणि दुसरीची पानं नुसती लिबलिबीत झाली होती. तू मला चिडवशील असं वाटलं होतं. पण तू ती कुंडी रॅकवरून काढलीस आणि व्हरांड्याच्या खिडकीत नेऊन ठेवलीस. मी विचारलं, आता तिथे ठेवून काय उपयोग? म्हणालीस, उपयोग नाही, पण दिव्याखाली तरी कशाला ठेवायची.

काल तुझ्यासमोरून निघालो तो डॉक्टरांना जिन्यात गाठलं. माणूस भला आहे. त्यांनी मला पुन्हा समजावलं, आजार काय करतो ते डाव्या हाताने, औषध काय करेल ते उजव्या हाताने. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या बायकोने मला एक गोष्ट शिकवलीय. हे दोन्ही एकाच वेळी, त्या एकाच शरीरावर आले तर काय होईल ते सांगा. ते चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसायला लागले. मला राहवेना, म्हटलं, असं पुसू नका, चरे पडतात. मग दोघेही थोडे हसलो आणि त्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, बेरीज करून मला सांगता येणार नाही. पण जेवढं पाहिलंय त्यावरून वाटतं की बहुतेक सगळी ताकद औषध सोसण्यातच जाईल. मी म्हटलं, हे उत्तर तिला आवडलं असतं. आणि मग मी जिन्याच्या पायरीवर बसलो, कारण आवडलं असतं असं माझ्या तोंडून निघालं, आवडेल असं नाही, आणि ते माझं मलाच ऐकू आलं.

आता गुरुवारचं सांगतो. ते तुला माहीत नाही. रोज मी दुकान आटोपून संध्याकाळी येतो, गुरुवारी वीज गेली म्हणून दुपारीच आलो. तू मला पाहिलं नाहीस, मी पडद्याच्या बाजूला होतो. शेंगेच्या व्हिडिओ फोनची वेळ झाली होती. तू घंटी वाजवून सिस्टरांना बोलावलंस, पलंग वर करून घेतलास, रुमाल डोक्याला नीट बांधून घेतलास. गालांवर हात चोळलेस, रंग यावा म्हणून. ओठांना ओला कापूस लावलास. चष्मा घातलास. आणि फोन लागल्यावर तू जी हसलीस, बाईसाहेब, मला वाटलं, ही कोण? माझ्याशी तर तू दोन शब्द बोलत नाहीस. तिला तिच्या नव्या घराच्या बाल्कनीबद्दल विचारलंस. तिने आणलेल्या कुंडीला खाली भोक आहे ना, म्हणून दटावलंस. तिच्यासमोर सूपचे दोन चमचेही घेतलेस, बघ, जेवतेय मी, म्हणून. फोन बंद झाला आणि ते दोन चमचे आणि आणखी काय काय सगळं बाहेर आलं. सिस्टर भांडं धरून उभ्या होत्या. मग तू अशी पडलीस की तुझा हात पलंगाबाहेर लोंबत होता आणि तो वर घ्यायचं त्राण तुला नव्हतं. मी काचेच्या या बाजूला. मला तो हात उचलून ठेवता येत नव्हता. सिस्टर बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, रोजचंच आहे.

तेव्हा मला तुझं ते उष्णतेच्या कॅमेऱ्याचं चित्र आठवलं, गरम ते लाल आणि गार ते निळं दाखवणारं, आणि तू बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलीस ती संध्याकाळ. किती वर्षं तू त्या एका कोड्यामागे होतीस. ऊन म्हणतं, पानांची तोंडं उघड, घाम येऊ दे, गार हो. तहान म्हणते, मिटून घे, आहे ते पाणी सांभाळ. दोन्ही एकदम आले तर झाडाने ऐकायचं कुणाचं? सगळे पानांकडे बघत होते. पानं मिटलेली होती आणि भाजत होती, चित्रात लालभडक. मग जिराफबाईने कॅमेरा जरा वर फिरवला आणि फुलं दिसली, निळी, गार. त्यांची तोंडं उघडी होती. झाडाने सगळी पानं मिटून घेतली होती आणि जे काही थोडं पाणी उरलं होतं ते फुलांना देत होतं, शेंगा धराव्यात म्हणून. तू मला हे सांगताना आधी हसलीस आणि मग रडलीस. मग डोळे पुसून फळं कापलीस आणि आपल्या शेंगेला तिच्या अभ्यासाच्या टेबलावर नेऊन दिलीस. तू स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतंस. तिचं नाव आपण शेंग पाडलं ते ती जन्मली तेव्हा लांबच लांब आणि किडकिडीत होती म्हणून, बाकी काही नाही. पण त्या दिवशी मला ते ऐकताना कसंतरीच झालं.

तर गुरुवारी मला कळलं की तू काय करतेयस. तू माझ्याशी बोलत नाहीस, जेवत नाहीस, खिडकीकडे बघत नाहीस, सगळं मिटून घेतलंयस, आणि उरलंसुरलं सगळं त्या दुपारच्या फोनला देतेस. मला रागही आला, खोटं कशाला बोलू. मी काय पान? मला करपू दिलं तरी चालतं? दुसऱ्या दिवसापर्यंत तो राग घेऊन हिंडलो. एका बाईंच्या चष्म्याला उलट्या काचा बसवल्या, एवढा रागावलो होतो. मग काल तू म्हणालीस, तूच ठरव, आणि माझा राग गेला. कारण तुला उत्तर माहीत आहे. दोन कुंड्यांतली कुठली उभी राहील हे तुला नुसतं बघून कळतं, तर स्वतःचं कळणार नाही होय? तुला ते तोंडाने म्हणता येत नाही. पहिल्या फेरीलाही तू तिच्याच चेहऱ्याकडे बघून हो म्हणालीस. शंभरदा विचारलं तरी तू तिच्याकडे बघून हो म्हणशील. म्हणून तू ते माझ्या गळ्यात घातलंस. बरं केलंस. नवरा असतो कशाला?

आज सकाळी मी शेंगेला फोन केला. सगळं सांगितलं, डॉक्टर जिन्यात काय म्हणाले ते, आणि फोननंतर काय होतं तेही. ते तू मला कधी माफ करणार नाहीस, ठाऊक आहे. ती माझ्यावर खूप ओरडली. म्हणाली, बाबा, तुम्ही हार मानताय. तुम्हाला ती दमलेली बघवत नाही म्हणून तुम्हाला सुटका हवीय. आणि फोन आपटला. मला ते लागलं, कारण ते सगळंच खोटं नाही. मी तसाच फोन हातात घेऊन बसून राहिलो. मग तिचाच परत आला. रडत होती. विचारत होती, बाबा, रोज होतं तसं? मी म्हटलं, सिस्टर म्हणतात रोज. मग नुसता तिच्या घरातला कुठलातरी नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, मी येतेय. आईला सांगा, आता फोनसाठी उठून बसायचं नाही, झोपूनच बोलायचं, कशीही दिसू दे. माझं म्हणणं तिला पटलं असं नाही म्हणाली. फक्त येते म्हणाली. मंगळवारी पोचेल.

तेव्हा बाईसाहेब, हे पत्र म्हणजे माझं उत्तर आहे. तोंडाने सांगायला गेलो तर विनोद करेन आणि तुझा ओठ पुन्हा फाटेल, म्हणून लिहितोय. दुसरी फेरी नको. तू घरी ये. सोमवारी मी डॉक्टरांना तसं सांगणार आहे, आणि तुला ते चुकीचं वाटत असेल तर त्यांच्यासमोर नुसती मान हलव, मी तिथल्या तिथे शब्द फिरवीन, तू मला आयुष्यभर खोडत आलीस, आणखी एकदा खोड. पलंग मी बाहेरच्या खोलीत आणलाय, खिडकीला लागून, एकट्याने ओढला, फरशीवर चरा पडलाय, तो तू आल्यावर बघून बोल. वरचा दिवा काढून टाकलाय. खिडकीतून कोपऱ्यावरचं, तू चौकट घालून पाहिलेलं ते झाड दिसतं. पलंगाशेजारी माझी खुर्ची ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, घरी काच नसेल, हातमोजे नसतील, त्यामुळे कुठलासा जंतू येऊन सगळं लवकर आटपूही शकतं. मी म्हटलं, समजलं. अगं, त्या काचेला हात लावून लावून मी कंटाळलोय. मला तुला हात लावायचाय. माया कळत नसली तरी हात कळतो म्हणाली होतीस ना, आणि मी रस्ताभर रुसलो होतो? चूक माझीच होती. तेवढं पुरे आहे.

तुझाच,
दाराजवळच्या खुर्चीवरचा गृहस्थ